प्रो गेमर की स्ट्रीमर? कॉलेज सोडण्याआधी एक वर्ष असं वापरा

२८ जुलै २०२२ची संध्याकाळ. एका छोट्या स्पर्धेची कस्टम रूम (फक्त बोलावलेल्या टीमांची खासगी मॅच) लावायच्या तयारीत मी बसलो होतो. रूमचा आयडी आणि पासवर्ड कॅप्टनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, एवढंच बाकी होतं. तेवढ्यात एकाचा मेसेज आला, "भाऊ, प्ले स्टोअरवर बीजीएमआय दिसतच नाहीये." बीजीएमआय म्हणजे पबजी मोबाइलची भारतीय आवृत्ती, स्पर्धा त्याचीच होती. पाच मिनिटांत तसेच वीस मेसेज. ज्यांच्या फोनमध्ये गेम होता त्यांचा चालत राहिला, पण अधिकृत स्पर्धा थांबल्या, प्रायोजकही थांबले. गेम परत आला तो २०२३च्या मे महिन्याच्या अखेरीस. मध्ये दहा महिने गेले.

त्या ग्रुपमध्ये कऱ्हाडकडचा एक आयजीएल (इन-गेम लीडर, मॅचमध्ये टीमला सूचना देणारा) होता. बारावीनंतर त्याने कुठेच ॲडमिशन घेतलं नव्हतं, "एक वर्ष फक्त ग्राइंड" असं घरी सांगून तो बसला होता. त्याच्याच लाइनअपमधला सपोर्टर (बाकीच्यांना साथ देणारा खेळाडू) मात्र रात्री टीमचे क्लिप्स कापून रील बनवायचा. गेम गेल्यावर त्या सपोर्टरला दुसऱ्या एका चॅनलचं एडिटिंग मिळालं आणि आज त्याचं घर त्यावर चालतं. आयजीएल त्याच्यापेक्षा कितीतरी चांगला खेळाडू होता, पण त्याच्या हातात खेळाशिवाय दुसरं काही नव्हतं.

हे काही एकदाच घडलेलं नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली. त्याच्या जागी २ जुलै २०२१ला बीजीएमआय सुरू झाला. फेब्रुवारी २०२२मध्ये फ्री फायर बंद झाला. जुलै २०२२चा धरून दोन वर्षांच्या आत तीन मोठे धक्के. क्रिकेट कुणाच्या मालकीचं नाही, व्हिडिओ गेम मात्र कुठल्या ना कुठल्या कंपनीचा असतो, आणि तो देशात चालू ठेवायचा की नाही हे सरकार ठरवतं. म्हणून पुढची प्रत्येक पायरी मी एकाच प्रश्नावर तपासणार आहे: उद्या गेम गेला तर तुमच्याकडे काय उरतं?

पहिली पायरी: दोन धंद्यांतला एक निवडा

प्रो खेळाडू आणि स्ट्रीमर हे वेगवेगळे धंदे आहेत. बाहेरून ते एकसारखे दिसतात, कारण नमन माथुर म्हणजे मॉर्टल, किंवा मुंबईचा आदित्य सावंत म्हणजे डायनॅमो, यांच्यासारखी नावं दोन्हीकडे ऐकू येतात. खेळाडूचा दिवस सरावात आणि चुका शोधण्यात जातो, तिथे गप्प बसून ऐकणं हा गुण आहे. स्ट्रीमरला तीन-चार तास सलग बोलता यावं लागतं, हरतानाही आणि समोर फक्त सहा माणसं बसलेली असतानाही.

स्वतःला तपासायचा एक साधा उपाय सांगतो. एक मॅच खेळा आणि पूर्ण वेळ मोठ्याने बोलत स्क्रीन रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग शेवटपर्यंत बघा. ऐकताना तुमचं लक्ष कॉल, म्हणजे खेळातला निर्णय, कुठे चुकला याकडे गेलं, तर तुमचा कल खेळाडूकडे आहे. इथे अजून मजा आणता आली असती, असं वाटत राहिलं तर स्ट्रीमिंगकडे. पहिल्या वर्षी दोन्ही पूर्ण ताकदीने करू नका. मी पाहिलेली बहुतेक मुलं इथेच थकली.

खेळाडू व्हायचं असेल तर पातळी कशी मोजायची

"मी कॉन्करर आहे" हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा ऐकायला मिळतं. कॉन्करर म्हणजे सर्व्हरवरचे पहिले ५०० खेळाडू. मेहनत लागतेच, पण रँक पुश करणं आणि स्पर्धा खेळणं यात फार अंतर आहे. क्लासिक, म्हणजे रोजच्या साध्या मॅचमध्ये शेवटच्या झोनला (मॅपवरचा आकसत जाणारा सुरक्षित भाग) सात-आठ माणसं उरतात. स्क्रिम्समध्ये, म्हणजे टीमांच्या आपसातल्या सराव मॅचमध्ये, चौथ्या-पाचव्या झोनलाही चौदा टीम जिवंत असतात आणि प्रत्येक कंपाउंडमध्ये कुणीतरी बसलेलं असतं. तिथे नुसता नेम चालत नाही, रोटेशन, म्हणजे योग्य वेळी योग्य वाटेने झोनकडे सरकणं, लागतं.

गुणांची पद्धत आधी पाठ करा. बीजीएमआयच्या स्पर्धांत पहिल्या क्रमांकाला १० गुण, मग ६, ५, ४, ३, २ आणि सातव्या-आठव्याला १-१ असतो. शिवाय प्रत्येक फिनिशला, म्हणजे बाद केलेल्या खेळाडूमागे, एक. याचा अर्थ नीट समजून घ्या: पाचव्या क्रमांकावर येऊन आठ फिनिश केलेली टीम, दोन फिनिश करून मॅच जिंकलेल्या टीमच्या जवळपास बरोबरीला येते. ३ अधिक ८, अकरा. १० अधिक २, बारा. हा हिशेब ज्याच्या डोक्यात मॅच चालू असताना फिरतो, तो आयजीएल.

आता वही. मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे, म्हणून थोडा थांबतो. एका शीटमध्ये प्रत्येक स्क्रिम मॅचची एक ओळ लिहा. मॅप, ड्रॉप (कुठे उतरलात), क्रमांक, टीमचे फिनिश, स्वतःचे फिनिश, आणि शेवटचा रकाना "कशाने मेलो". त्या रकान्यात "नशीब" हा शब्द लिहायचा नाही. "उघड्यावर रिव्हाइव्ह केला", "गाडी नव्हती", "झोनला उशीर", "थर्ड पार्टी (दोघांच्या लढाईत तिसरी टीम घुसली), मागे कुणी बघत नव्हतं" असं लिहायचं. एका टीमचं असं शीट मी बघितलं होतं. ६० मॅचपैकी २२ ओळींत "झोनला उशीर" होतं. ते चौघे महिनाभर रोज टीडीएमवर (टीम डेथमॅच, नुसत्या गोळीबाराचा मोड) नेमबाजी घोटत होते, आणि मरत होते गाड्या न राखल्यामुळे. त्यांनी ड्रॉपनंतरचा लूटचा वेळ कमी केला आणि दोन गाड्या सांभाळायचा नियम केला. पुढच्या महिन्यात तो रकाना बदलला.

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक हे पीसीवरचे गेम खेळणाऱ्यांनाही हेच लागू, फक्त रकाने बदलतील. पीसीच्या बाजूने शिडी उंच आहे. मुंबईची ग्लोबल ई-स्पोर्ट्स ही संस्था २०२३पासून व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगमध्ये भागीदार म्हणून आहे, म्हणजे तुमची तुलना थेट कोरिया-जपानच्या मुलांशी होणार.

सरावाचा वेळ? शाळा-कॉलेज चालू असताना दिवसाला तीन ते चार तास पुरे, पण त्यातला एक तास खेळायचा नाही, कालचं रेकॉर्डिंग चौघांनी मिळून बघायचं. सहा महिन्यांत टी-थ्री, म्हणजे तिसऱ्या स्तराच्या स्क्रिम्समधून टी-टूमध्ये तुमची लाइनअप गेली नाही, आणि वहीतल्या चुका त्याच राहिल्या, तर उत्तर मिळालं असं समजा. बीजीआयएस या बीजीएमआयच्या राष्ट्रीय मालिकेसारख्या मोठ्या स्पर्धेची सुरुवात खुल्या नोंदणीने होते. ओळख नसली तरी तिथे स्वतःला जोखता येतं. वयाची अट आणि पालकांची संमती दोन्ही आधी वाचून घ्या.

उपकरणांवर फार लिहीत नाही. सलग चार मॅच तापल्याशिवाय, फ्रेम न पडता चालणारा फोन हवा. तो विकत घेण्याआधी मित्राच्या फोनवर चार मॅच खेळून बघा. एम्युलेटरचा (पीसीवर मोबाइल गेम चालवणारं सॉफ्टवेअर) सराव मोबाइलच्या स्पर्धेत कामाचा नाही. आणि राउटरला छोटा यूपीएस लावाच. बारामतीकडची एक टीम फायनलच्या शेवटच्या मॅचला पहिल्या क्रमांकावर होती, लाईट गेली आणि दोघांचं नेट बंद पडलं. ॲडमिन म्हणून मला काहीच करता आलं नाही, नियमच तसा होता. ते दोघे फोन हातात धरून लोडिंगचं चक्र बघत बसले होते. आजही आठवलं की वाईट वाटतं.

लाइनअप आणि करार

कुठलीही संस्था "साइन करतो" म्हणाली की मुलं दुसऱ्या मिनिटाला सही करतात. एक दिवस मागून घ्या आणि घरच्या मोठ्या माणसाबरोबर कागद वाचा. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार भारतीय करार कायद्यानुसार तिच्यावर बंधनकारक नसतो, त्यामुळे पालकांची सही मागतात. पालकांनी ती न वाचता देऊ नये.

कागदात बघायचं ते हे: दरमहा पगार किती आणि कुठल्या तारखेला. बक्षिसातला संस्थेचा वाटा किती, आणि तो कर कापण्याआधीच्या रकमेवर की नंतरच्या. मुदत किती. मुदतीआधी सोडायचं तर बायआउट किती, म्हणजे दुसऱ्या संस्थेने तुम्हाला घेण्यासाठी मोजायची रक्कम. आणि तुमचं यूट्यूब चॅनल, इन्स्टाग्राम कुणाच्या नावावर राहणार. हा शेवटचा मुद्दा सोडू नका. एका मुलाने चॅनलचा पासवर्ड संस्थेच्या मॅनेजरकडे दिला होता. वाद झाला, आणि ८० हजार सबस्क्रायबरचं चॅनल परत मिळवायला त्याला सात महिने लागले. चॅनल तुमच्या ई-मेलवर, संस्थेला फक्त मॅनेजरचा ॲक्सेस.

पैशांचा हिशेबही एकदा कागदावर करून बघा. समजा टीमने एक लाख जिंकले. ३० टक्के कर आधीच कापला गेला, उरले ७० हजार. संस्थेचा वाटा २० टक्के, म्हणजे १४ हजार. उरलेले ५६ हजार चार खेळाडू आणि एक कोच यांच्यात वाटले की प्रत्येकी ११,२००. पोस्टरवरचा एक लाख तुमच्या खात्यात एवढा होऊन येतो. घरी आकडा सांगताना हा शेवटचा सांगा.

स्ट्रीमिंग: हजार सबस्क्रायबरपर्यंतचा रस्ता

यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या बारा महिन्यांत ४,००० तासांचा पब्लिक वॉच टाइम लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. त्याआधी ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तासांवर एक पायरी आहे, तिथे सुपर चॅट आणि मेंबरशिप सुरू होतात.

४,००० तास म्हणजे नेमकं काय? रोज तीन तास लाइव्ह आलात आणि सरासरी पाच माणसं बघत असली, तर एका स्ट्रीमचे १५ तास. म्हणजे साधारण २६७ स्ट्रीम. सरासरी वीस माणसं असतील तर ६७. त्यामुळे पहिल्या वर्षाचं काम जास्त वेळ लाइव्ह बसणं हे नाही, पाचाचे वीस करणं हे आहे. आणि ते लाइव्ह बसून होत नाही, कारण नव्या माणसाला तुमचा लाइव्ह सापडतच नाही. त्याला सापडतो आठ मिनिटांचा नीट कापलेला व्हिडिओ, चांगल्या थंबनेलचा. मी सांगतो ते प्रमाण असं: आठवड्यात दोन लाइव्ह, एक कापलेला व्हिडिओ, तीन शॉर्ट्स. शॉर्ट्सच्या फीडमधले व्ह्यूज ४,००० तासांत धरले जात नाहीत, पण ओळख करून देतात. लाइव्ह संपल्यावर तो व्हिडिओ प्रायव्हेट करू नका, केलात तर त्याचे तास जातात.

सुरुवात करताना अडणाऱ्या तीन गोष्टी. चॅनलवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला २४ तासांपर्यंत थांबावं लागतं. मोबाइलवरून लाइव्ह जायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. आणि जुलै २०२५पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना एकट्याने लाइव्ह येता येत नाही. अठरा वर्षांखालच्यांचे पैसे पालकांच्या ॲडसेन्स (जाहिरातीचे पैसे देणारी गूगलची सेवा) खात्यातून येतात. दहा डॉलर जमले की पत्ता पडताळणीचा पिन साध्या टपालाने येतो. गावचा पत्ता असेल तर पोस्टमनकाकांना आधीच सांगून ठेवा. शंभर डॉलर झाले की पैसे बँकेत.

सेटअप साधा ठेवा. पीसी असेल तर ओबीएस स्टुडिओ, मोबाइल असेल तर प्रिझम लाइव्ह स्टुडिओ, दोन्ही फुकट. ७२० पिक्सेलने सुरुवात करा, बिटरेट ४ ते ६ एमबीपीएस, आणि तुमचा अपलोड स्पीड त्याच्या दुप्पट असू दे. वायफायऐवजी केबल. पहिला खर्च कॅमेऱ्यावर करू नका, माइकवर करा. चेहरा न दाखवता अहमदाबादच्या टोटल गेमिंगने देशातल्या सगळ्यात मोठ्या चॅनलांपैकी एक उभं केलं, पण आवाज खरखरत असेल तर माणूस दहा सेकंदांत निघून जातो. खोलीत गाद्या-चादरी असल्या की आवाज घुमत नाही. माझ्या ओळखीचा एक जण कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून बसतो आणि त्याचा आवाज स्टुडिओतल्यासारखा येतो.

भाषा कुठली? हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. मिथिलेश पाटणकर, आदित्य सावंत ही आपलीच मुलं, पण चॅनल हिंदीतले. हिंदीत प्रेक्षक मोठा आणि गर्दीही तेवढीच. मराठीत प्रेक्षक कमी, पण पहिले पाचशे लोक लवकर जमतात आणि टिकतात, कारण सोलापूरच्या मुलाला सोलापुरी ऐकायला मिळतं. माझं मत स्पष्ट आहे: ज्या भाषेत तुम्ही चिडता आणि हसता त्या भाषेत सुरुवात करा. अडखळत बोललेल्या हिंदीपेक्षा कोल्हापुरी ठसक्यातला "हाण की लेका" शंभर पटींनी जिवंत असतो.

मागे चित्रपटातली गाणी लावू नका. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत घ्या. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले तर चॅनल जाऊ शकतं. आणि पहिल्या दिवसापासून एक-दोन विश्वासू मॉडरेटर (चॅटवर लक्ष ठेवणारे) नेमा, शिव्यांचे शब्द ब्लॉक यादीत टाका. मुलींना तर व्हॉइस चॅटमध्ये माइक चालू केल्याबरोबर काय काय ऐकावं लागतं, हे मी रूममध्ये बसून ऐकलंय. छिंदवाडा जिल्ह्यातली गेमिंग स्ट्रीमर पायल धारे त्यातून वाट काढत देशभर ओळखली गेली. पण प्रत्येक मुलीने एवढं सोसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. टीमच्या कॅप्टनने शिवी देणाऱ्याला तिथल्या तिथे बाहेर काढावं. घराचा पत्ता, कॉलेजचं नाव, खिडकीबाहेरचं दृश्य स्ट्रीमवर येऊ देऊ नका.

जाहिराती आणि कायदा

पाच-दहा हजार सबस्क्रायबर झाले की पहिला ई-मेल बहुतेकदा पैसे लावून खेळायच्या ॲपचा येतो, आणि रक्कम मोठी असते. घेऊ नका. ऑगस्ट २०२५मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला वेगळं स्थान दिलं. त्याआधी डिसेंबर २०२२मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणले होते. "५० रुपये भरा, जिंकलात तर ५००" अशा कस्टम रूम टेलिग्रामवर ढिगाने मिळतात. त्यात खेळूही नका, लावूही नका.

बाकी ब्रँडची जाहिरात करताना ती जाहिरात आहे हे व्हिडिओत स्पष्ट सांगायचं. दिशाभूल केली तर ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे. ब्रँडने दिलेला फोन तुम्ही ठेवून घेतला तर तेही उत्पन्न धरलं जातं, वर्षाला २० हजारांवर १० टक्के टीडीएस. पॅन कार्ड काढा, वेगळं बँक खातं उघडा, आणि वर्षातून एकदा सीएकडे जा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी बघावी लागते.

मनगट, डोळे, झोप

अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात दुखायला लागलं तर दोन दिवस खेळ पूर्ण बंद. बाम लावून खेळणाऱ्या एका असॉल्टरला (पुढे जाऊन लढणारा खेळाडू) शेवटी चार महिने बसावं लागलं. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा. स्क्रिम्स रात्री अकरापर्यंत चालतात, त्यामुळे झोपेची वेळ ठरवून टीमला सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या व्यसनाला आजारांच्या यादीत घेतलं आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसूनही न थांबता येणं, ही त्याची लक्षणं. सराव करणारा मुलगा मॅच संपली की वही उघडतो. व्यसन लागलेला पुढची मॅच लावतो. दुसरं घडत असेल तर लाज वाटून घेऊ नका, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

घरी कसं सांगायचं

"मला गेमर व्हायचंय" एवढंच सांगितलं तर बाबा नाही म्हणणार, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. एक पान लिहून द्या. त्यावर बारा महिन्यांची तारीख, रोजचे तास, कॉलेजची हजेरी आणि किमान किती टक्के, खर्चाची मर्यादा. मग सहा महिन्यांची खूण: खेळाडू असाल तर टी-टू स्क्रिम्स, स्ट्रीमर असाल तर ५०० सबस्क्रायबर. आणि बाराव्या महिन्याची खूण. ती गाठली नाही तर काय करणार, तेही त्याच पानावर.

त्या पानावर एक ओळ आणखी हवी: या वर्षात खेळाशिवाय कुठलं एक काम शिकणार. एडिटिंग, थंबनेल, कास्टिंग (मॅचची कॉमेंट्री), स्पर्धेचं ऑब्झर्व्हिंग (प्रक्षेपणात कुठला खेळाडू दाखवायचा ते सांभाळणं), टीमचं विश्लेषण. मराठी कास्टर फार कमी आहेत. दोन मॅचचं रेकॉर्डिंग म्यूट करून त्यावर मराठीत कॉमेंट्री करा आणि छोट्या आयोजकांना पाठवा. आम्ही नेहमी शोधात असतो. गेम बनवण्याकडे वळायचं असेल तर मुंबईत आयआयसीटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज) ही केंद्राने उभी केलेली संस्था आहे.

कऱ्हाडच्या त्या आयजीएलने २०२३मध्ये गेम परत आल्यावर बी.कॉम.ला ॲडमिशन घेतलं. संध्याकाळी स्क्रिम्स खेळतो, आणि दोन छोट्या टीमचं शीट भरून त्यांना चुका समजावून सांगतो, महिन्याचे पैसे घेऊन. परवा त्याने मला एक ओळ पाठवली होती. रकाना "कशाने मेलो", आणि पुढे लिहिलेलं: "रोटेशन बरोबर, ग्रेनेड चुकला."